काकाजींचा नळ आणि गल्लीची डीपी

पिपरी मेघेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीची लाइट मी घालवली. मे महिन्यात, भर दुपारी, घराघरांत कूलर सुरू असताना. ज्याने वर्ध्याचा मे महिना अंगावर काढला आहे तो मला माफ करणार नाही, आणि करूही नये.

या मूर्खपणाची सुरुवात मात्र आमच्या गावातून, कारंज्यातून, निघालो त्या सकाळीच झाली होती. वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. भाजीचा टेम्पो तसाही तिकडे जातच होता, म्हणून आमचा संसार त्यातच चढला. एका बाजूला फुलकोबीची पोती, दुसऱ्या बाजूला गाद्या आणि कूलर, आणि मधे माझी बायको वंदना, मांडीवर सांबाराच्या जुड्या घेऊन. पुण्याला गेलेल्या माझ्या भावांनो, तुम्ही आता त्याला कोथिंबीर म्हणता, माहीत आहे मला.

टेम्पो सुरू झाल्यावर बाबांनी एक डब्बा आत सरकवला. पान्हा, पक्कड, पेचकस, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. आणि आयुष्यभर ऐकवलेलं वाक्य पुन्हा ऐकवलं, "गळती दिसली का हात लाव. धनी कोन हाय ते मंग पाह्य."

शेतात हे खरंच आहे. फुटलेला पाइप कोणाचा याची चौकशी करत बसलो तर वांग्याच्या वाफ्यात तळं होतं. ट्रान्सफॉर्मरखालच्या डब्यातला, म्हणजे डीपीतला फ्यूज उडाला तर लाइनमनची वाट कोण पाहतं? वाळलेली काठी घ्यायची, देवाचं नाव घ्यायचं आणि आपणच खटाटोप करायचा. चूक आहे, जिवावरची आहे, आणि आमच्याकडे चालत आलेली आहे.

पिपरी मेघेत आम्ही खाली राहायला आलो आणि घरमालक वर. रिटायर साहेब, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. किल्ली देताना म्हणाले, "हे घर आपलंच समजजो बरं का." मी भोळा माणूस, समजलो! मोरीतला नळ टिपटिप करत होता. त्यांना विचारायचं सोडून मी बाबांचा डब्बा उघडला आणि नवाकोरा पितळी नळ बसवून टाकला. काकाजी पाहायला आले. "लय हुशार पोरगा आहे," म्हणाले. मी असा फुललो की पुढच्या रविवारी त्यांचा फ्लश दुरुस्त केला, त्यानंतर टाकीचा बॉल बदलला. मग वरून हाक यायची, "येजो रे जरा वर, डब्बा घेऊन येजो." डब्ब्याचं नाव आधी, माझं नंतर.

करारात एक ओळ होती, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. किरकोळ म्हणजे काय, हे कोणीही लिहीत नाही. गळत असतं तेव्हा ते किरकोळ, म्हणून आपलं. फुटलं की विचारणार, किरकोळ होतं तेव्हाच काऊन नाई पाह्यलं? म्हणजे परत आपलंच. भिंतीला कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलो की मात्र भिंत त्यांची. दुरुस्तीपुरतं आपलं आणि हक्कापुरतं त्यांचं, असं हे घर. भाड्याने राहणाऱ्यांनो, तुमचंही असंच आहे ना? मग आपण गप्प का असतो?

मी तर गप्प होतोच. उन्हाळा लागला आणि वंदना म्हणाली, "अहो, नळाले करंट येऊन राह्यला. मुंग्या येतात हाताले." मी वर गेलो. काकाजी म्हणाले, तुझ्या कूलरमुळे. मी कूलरची पिन काढून टाकली. आम्ही दोघं भट्टीत झोपल्यासारखे झोपलो, तरी नळाच्या मुंग्या तशाच. पुन्हा वर गेलो. काकाजींनी चष्मा पुसत नवा शोध लावला, "पितळी नळ तुनं बसवला ना? प्लास्टिकचा बसवाचा होता. तुझ्या हातचं काम आहे, तूच पाह्य." आणि मी, कॉलेजात शिकलेला, ऑफिसात पोरांना नियम शिकवणारा मी, "हो काकाजी" म्हणून खाली आलो. मोरीत एक कोरडी लाकडी फळी टाकली. घरात कायदा केला, नळाला हात लावायचा तर चप्पल घालून, फळीवर उभं राहून. करंट काकाजींच्या भिंतीतला, आणि त्याची सोय मी चपलेने केली!

त्यातच माझी माय आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तिला सगळं धूसर दिसायचं. आमचा कायदा तिला समजावला तर उखडली. "पानी म्हंजे देव हाय. देवापाशी कोनी चपला घालून जाते का?" आमच्या घरात पाण्याच्या जागेपाशी चप्पल कधीच चढली नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी काकाजींशी न भांडता मायशीच भांडत राहिलो, कारण ती सोपी होती.

त्या दुपारी काकाजी आणि काकू लग्नाला नागपूरला गेलेले. मोरीतून वंदनाची किंकाळी आली. मायने चपला बाहेर सोडल्या होत्या, फळी चाचपून बाजूला सारली होती, आणि तिचा हात नळाला चिकटला होता. वंदनाने भिंतीशी टेकलेला लाकडी पाट उचलून तिच्या हातावर हाणला. हात सुटला. माय तिथेच पाण्यात बसली. नळ सुरू, पाणी दारापर्यंत, आणि त्यात पाय टाकायची आमची हिंमत होईना. मेन स्विच बंद करायला धावलो तर तो काकाजींच्या जिन्यात, चॅनल गेटच्या आत. गेटला हे कुलूप!

गेट तोडावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याचं गेट कसं तोडायचं? कोपऱ्यावरची डीपी मात्र आठवली. तुळशीजवळचा बांबू उपसला, धावत गेलो, आणि बाबांना कारंज्यात करताना पाहिलं होतं तसे डीपीतले फ्यूज बांबूने पाडले.

सगळ्या कूलरचा आवाज एकदम थांबला. गल्लीची इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. घरी पळालो, मायला उचलून ओसरीत आणलं. हातावर काळा डाग, अंगाला थरथर, पण शुद्धीत होती. तोवर माणसं बाहेर. "कोन होय बे तो डीपीवाला?" मी होय. हातात अजून बांबू.

मायला पाहून शिव्या अर्ध्यावर राहिल्या. समोर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी काकाजींना फोन लावला, स्पीकरवर. काकाजी पलीकडून कडाडले, "डीपीले हात लावला? गुन्हा आहे तो! अन् नळ त्यानंच बसवला, विचारा त्याले!"

"काकाजी, घर कोणाचं आहे?" मॅडमनी विचारलं.

"घर माझंच आहे ना!"

"मग करंटही तुमचाच. लग्न जेवून घ्या आणि निघा."

गल्ली हसली. हे वाक्य मला महिनाभर आधी म्हणता आलं असतं. मी बांबू धरून उभा होतो.

लाइनमनने मला जे झापलं ते मी मान खाली घालून ऐकलं, ते बरोबरच होतं. "मेला असता ना बे, मायच्या आधी तूच!" संध्याकाळी काकाजी आले, इलेक्ट्रिशियन आला. त्यांच्या पाणी चढवायच्या मोटरची वायर पाइपाला घासून सोललेली होती, आणि घराला अर्थिंग नव्हतीच. तारेचं टोक भिंतीत नुसतं खुपसून ठेवलेलं. आठवड्याभरात नवी वायर, नवी अर्थिंग झाली, मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर आला. काकाजी माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या डब्ब्यालाही हाक येत नाही.

मायचं ऑपरेशन पुढे ढकललं, मग नीट झालं. परवा ती काळा चष्मा लावून ओसरीत बसली होती, आणि मी तिला माझं नवं शहाणपण सांगत होतो. कारंज्यात मला वाटायचं, आपण ज्याची डागडुजी करतो ते आपलं घर. आता वाटतं, जिथला मेन स्विच आपल्या हाताला येतो, आणि तो बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही, ते घर. बाबांचं वाक्यही मी आता उलटं केलं आहे. धनी आधी पाहायचा, त्याच्या दारात उभं राहून बोलायचं, मग गळतीला हात.

मायने ऐकून घेतलं. चष्मा वर केला, नव्या डोळ्याने मला नीट पाहिलं.

"डीपीले हात लावाले भेला नाई," ती म्हणाली, "अन् एका म्हाताऱ्यासमोर तोंड उघडाले भेला. उगाच शिकोलं तुले."