अक्काने घातलेलं अंथरूण

कुणाच्याही घरी गेली की अक्का आधी अंथरुणावर तळवा दाबून बघायची. मग म्हणायची, "हाताला काय कळतंय? पाठीला इचारा." आणि घरातल्या एखाद्याला तिथंच आडवं व्हायला लावायची.

जंगलातल्या अणशी गावात आमच्या शेजारी ती आणि तिचा गाडीवान नवरा अशी दोघंच राहत. माझे यजमान जंगलखात्यात रखवालदार, म्हणून लग्न झाल्यावर मी तिथं आले. पहिल्याच दिवशी अक्का आमची वाकळ उलगडून बसली. "पोरी, हिच्यात गाठी झाल्यात. नव्या नवरीनं गाठीवर निजायचं व्हय?" मी लाजून चूर. तुमच्याही शेजारात अशी एखादी असेल. तिला नको म्हणायची सोय नसते.

तेव्हा त्या बाजूला मोटार आली नव्हती. लाकूड बैलगाडीनंच जायचं. पावसाळा सरताना घाटाच्या उतारावर अक्काच्या नवऱ्याची गाडी कलंडली आणि तो पाठीवर आपटला. वैदूनं चाचपून सांगितलं, "हाड शाबूत हाय. पर पडून ऱ्हा. घाई केलीस तर गाडी इसर." गाडीवरच तर त्या दोघांचं पोट होतं.

अक्कानं जंगलातल्या सावरीचा कापूस साठवला होता. तो सगळा भरून तिनं बाजेवर अशी गुबगुबीत गादी घातली की आम्ही बायका मुद्दाम बघायला गेलो.

"कशी हाय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"झकास."

ती रोज विचारी, तो रोज झकास म्हणे. पण त्याचे डोळे खोल जात चालले होते. अक्का आणखी कापूस घाली.

एके सकाळी तो भिंत धरून परसात गेला, तेव्हा गादी सारखी करता करता अक्का स्वतःच तिच्यावर पडली. मी दारातच होते. बाजेची दोरी सैल झालेली, वर एवढा कापूस; डोकं आणि पाय वर, मधली अक्का दिसेनाशी. "पोरी, वढ मला," ती आतून म्हणाली. मी ओढायला गेले ती तिच्यावरच पडले. दोघी हसून हसून बेजार.

नवरा आत आला तेव्हा मात्र ती हसत नव्हती. "ह्या खड्ड्यात गप पडून व्हता तुमी? सांगितलं का न्हाई?"

"तू एवढ्या मायेनं केलीस," तो खाली बघत म्हणाला.

अक्का अंगणात गेली आणि गाडीच्या तळाच्या फळ्या काढू लागली.

"अगं, गाडी मोडतीस काय?"

"गाडीवाला मोडायला नगो."

फळ्या बाजेवर आडव्या बसल्या. तो त्यांवर निजला. "आता झकास म्हणू नगा," अक्कानं बजावलं.

"कंबरंला टोचतंय," तो भीत भीत म्हणाला. अक्का एवढी खूश झाली की विचारू नका. तिनं भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, झोडून, मऊ करून गोणपाटाच्या खोळीत भरलं, वर वाकळ घातली. आता त्याला तोंड फुटलं. इथं उंच झालंय, तिथं पोकळ लागतंय. ती खोळ उसवून पिंजर काढी, पुन्हा घाली. दुपारपर्यंत त्यांची बोलाचाली साऱ्या वाडीनं ऐकली. शेवटी तिनं सावरीची लहानशी उशी त्याच्या गुडघ्यांखाली सरकवली.

"जरा डावीकडं..." तो म्हणाला, आणि पुढचं बोलायच्या आत घोरू लागला. अक्का हातात पिंजर घेऊन तशीच उभी. मी कोंबड्या हाकलायला गेले तर तिनं मलाच बोटानं गप्प केलं.

पुढं आमची बदली झाली. अक्का पुन्हा भेटली नाही. पण त्याआधीचा एक दिवस डोळ्यांसमोर आहे. पाठ बरी झाल्यावर तिच्या नवऱ्यानं फळ्या गाडीला परत ठोकल्या आणि बैल जुंपून तो लाकडाच्या खेपेला गेला. थोड्या वेळानं मी ताक घेऊन गेले, तर पिंजराची गादी जमिनीवर घालून अक्का भर दिवसा गाढ झोपली होती. दोन्ही हात पसरलेले, तोंड किंचित उघडं. मी ताक चुलीपाशी झाकून ठेवलं आणि दार हळूच ओढून घेतलं.