यानाच्या सांध्यातली फट

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, असं मीच यांच्या मागे लागले होते. आमच्या ह्यांनी छंद लावून घेतला तो प्लास्टिकची अंतराळयानं जोडण्याचा. नातवंडांनी खेळायच्या वस्तू आजोबा जोडत बसले. माधवगंजातल्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल त्यांनी पहिल्याच महिन्यात बळकावलं आणि तेव्हापासून आम्ही ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतो.

खोक्यावरच्या चित्रात यान झकास दिसतं. आतले दोन अर्धे मात्र एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात. एक वाकलेला, दुसऱ्याची कड जाड. मग आधी गोंद न लावता जोडून बघायचं. वाकलेला भाग गरम पाण्यात धरून बोटांनी सरळ करायचा. नंतर गोंद, रबरबँड आणि माझे कपडे वाळत घालायचे चिमटे. तरी उरलेल्या फटीत पुट्टी भरायची आणि रेगमालाच्या खरखरीत कागदाने घासत बसायचं. शेवटची परीक्षा यांची स्वतःची होती. डोळे मिटायचे, हनुवटी जरा वर करायची आणि बोटाचं टोक सांध्यावरून फिरवायचं. "डोळा फसतो, बोट नाही फसत," असं म्हणायचे. बोट कुठे अडकलं नाही की "बसलं!" म्हणून मला हाक मारायचे.

मागच्या थंडीत आम्ही रेगमाल आणायला नई सडकेवर गेलो होतो. परत निघालो तर मागून दुकानदार ओरडला, "बाबूजी, चप्पल तो यहीं रह गई!" यांच्या एका पायात चप्पल नव्हती आणि तसेच हे निम्मी गल्ली चालून आले होते. मी पोट धरून हसले. म्हटलं, "आज चप्पल विसरलात, उद्या बायको विसराल." हेही हसले. पण चप्पल घालताना आपल्या पायाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

त्यानंतर फटी राहायला लागल्या. "बसलं!" म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेल्या यानावरची धूळ पुसताना माझं बोट अडकलं. राईचा दाणा बसेल एवढी फट होती. यांना दाखवली तर माझ्यावरच उखडले. कंपनीचा साचा झिजला असेल, म्हणे. मी त्यांना ओढत मुरारला नेलं आणि चष्मा बदलून आणला. पुढच्या यानालाही तशीच फट राहिली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे परीक्षा घेतात ती डोळे मिटून. चष्म्याने काय होणार होतं? 

एका सकाळी पांढऱ्या यानाच्या पोटावर तांबूस डाग दिसले. जुन्या यानाला गंज चढलेला दाखवायला हे कधीकधी तसा रंग मारतात. मी कौतुकाने म्हटलं, "गंज अगदी खरा वाटतोय हो."

"मी कुठे रंग लावलाय अजून?" हे म्हणाले.

दोघांनी एकदमच त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा ब्लेडने चांगला कापला होता. रक्त मनगटापर्यंत ओघळून सुकलंही होतं. हे त्या अंगठ्याकडे असे बघत होते, जसा काही तो शेजाऱ्यांचा आहे.

"डॉक्टरांकडे चला," मी म्हटलं.

"माझी शुगर कंट्रोलमधे आहे." हे कोण सांगतंय, तर तीळ-गुळाच्या गजकचा डबा एकट्याने फस्त करणारा माणूस! मी आवाज चढवला तसे हे खाली बसले. "अगं, डॉक्टर सगळ्यात पहले काय सांगणार? ब्लेड बंद, गरम पाणी बंद. मग मी दिवसभर करू काय? कपाटाकडे बघत बसू?"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी अंगठ्याला पट्टी बांधली आणि डॉक्टरांचा विषय सोडून दिला.

मे महिन्यातल्या दुपारी नव्या यानाचा पंख वाकडा निघाला. मी पातेल्यात पाणी उकळलं आणि टेबलावर आणून ठेवलं. चिमटा आणायला आत वळले, तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, हे तर ठंडंच आहे. और गरम कर ना."

मी मागे पाहिलं. पातेल्यातून वाफ येत होती आणि यांचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता. पंख बोटांत धरून हे शांतपणे सरळ करत होते.

मी किंचाळले, हात खेचून बाहेर काढला. तो लालबुंद झाला होता. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी आधीच कढत असतं, म्हणून माठ उचलून सगळाच्या सगळा त्या हातावर ओतला. हे म्हणत होते, "सोड, पंख वाकडा राहील." रडत होते ती मी. तोंडाला येईल ते बोलत होते, शिव्यासुद्धा दिल्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला पट्टी होती. डॉक्टरांनी डावा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि एक बारीक, तारेसारखा ताठ नायलॉनचा दोरा काढला. म्हणाले, "आँखें बंद कीजिए। जब भी छुऊँ, बता दीजिएगा।"

यांनी डोळे मिटले, हनुवटी जरा वर केली. घरी टेबलाशी बसतात तसेच बसले. डॉक्टरांनी दोऱ्याचं टोक अंगठ्यावर टेकवलं, दोरा वाकेपर्यंत दाबलं. मग शेजारचं बोट. मग मधलं. करंगळीपर्यंत गेले आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. मी पर्स घट्ट आवळून त्या दोऱ्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोला हो, एकदा तरी बोला.

डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

हे डोळे मिटूनच बसले होते. जरा वाट बघून म्हणाले, "शुरू कीजिए, डॉक्टर साहब."