बाबांच्या नावाची बर्मी पाटी

माझं काम कुणाला समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो. कुकटपल्लीच्या ऑफिसात बसून मी थाई, ख्मेर, बर्मी अक्षरं पडद्यावर नीट उमटतात का ते तपासते. यातली एकही भाषा मला येत नाही. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण कंप्युटर ती अक्षरानंतर साठवतो आणि दाखवताना उचलून आधी ठेवतो. बर्मीतली ‘ए’ची खूण तशीच. थाईत मात्र जे आधी दिसतं तेच आधी साठवायचं. देश शेजारी, नियमांचा एकमेकांना पत्ता नाही. एखाद्या प्रोग्रामला हे नियम ठाऊक नसले की खुणा अक्षरांपासून सुटतात, आणि सुटलेल्या खुणेला टेकायला जागा म्हणून ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. ती वर्तुळं शोधून शोधून माझे डोळे विटले आहेत.

बाबा गेल्यावर आईने एकच हट्ट धरला. त्यांना ब्रह्मदेश बघायचा होता, ते राहून गेलं. आमच्या विहारात मुक्कामाला आलेले बर्मी भंते आपल्या गावी परतणार होते. तिथल्या विहाराला आम्ही पाण्याची टाकी दान दिली होती. तिच्यावर बाबांच्या नावाची पाटी लागावी, तीही तिथल्या अक्षरांत, असं आईचं म्हणणं.

“तिकडच्या लोकायला वाचता आलं पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर तुझे बाबा तिथं पोचले कसे म्हणायचे?”

बर्मी अक्षरांतलं नाव मी एका जाणकाराकडून तपासून घेतलं. त्याचं चित्र, आणि खाली तेच नाव टाइप करून, आबिड्सच्या पाटीवाल्याला पाठवलं. त्याचं मशीन चित्र घेईना. मग त्याने मला न विचारता खालचं नाव उचललं आणि आपल्या जुन्या प्रोग्राममध्ये टाकलं.

भंतेंची गाडी संध्याकाळी, नामपल्ली स्टेशनवरून. दुपारी आईला घेऊन पाटी आणायला गेले. स्टील चकचकीत, काम सुबक, आणि नावाच्या मध्ये मध्ये माझी ती वर्तुळं. एकेक ठिपका मन लावून कोरलेला!

“ये गोल कायकू निकाले?”

“डिझाइन है ना मॅडम. सबसे ज्यादा टाइम उसीकू लगा.”

हसावं की रडावं कळेना. दुसरी पाटी उद्याशिवाय होणार नव्हती. आई वर्तुळांवरून बोट फिरवत होती. “छान झाली की गं. फुलंसुद्धा काढलीत.” तिला खरं सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. रिक्षा करून आम्ही विहारात गेलो.

भंतेंनी पाटी हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. “क्या लिखा है?” त्यांनी विचारलं.

आईचा चेहरा पडला. “म्हणजे ह्यांचं नाव नाहीच का ह्याच्यावर?”

“अक्षरं आहेत गं. पण सुटी झालीत,” मी म्हणाले. इतका राग आला होता, पाटीवाल्याचा, माझ्या नोकरीचा, सगळ्याचाच.

भंतेंनी पाटी उलटी केली आणि झोळीतून मार्कर काढला. “नाम बोलिए. मैं लिखता हूँ, वहाँ नया बनेगा.”

मी तोंड उघडणार तोच आईने माझा हात दाबला. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिने जन्मभर पाळलं होतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कुणी विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. आज तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पदर सावरून तिने बाबांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आवाज फाटला. भंतेंना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी कान पुढे केला.

आईने ते पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने.