वादळ्याचा बावन्नावा अंक

शालनताईंचा डोळा लागतो न लागतो तोच हातातला एक्कावन्नावा अंक घसरून छातीवर येतो. दुपारचे तीन वाजलेत. आठ दिवस हे असंच चाललंय. जेवायचं, आडवं व्हायचं आणि वादळ्या वाचायचा. वय वर्षं सहासष्ट!

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. दिवसा कोल्हापुरात टांगा हाकणारा आणि वारं सुटलं की आभाळात झेपावणारा हा चित्रकथेतला वादळ्या चित्रकार हिंदुराव चोपदारांनी काढला. गावोगावच्या पोरांनी तो अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचला. आणि त्यांच्या सख्ख्या मुलीनं, म्हणजे या शालननं, त्यातलं एक पान कधी उलटलं नव्हतं. आता प्रकाशक पेडणेकर सगळे अंक एका ग्रंथात काढतायत. "ताई, प्रस्तावना तुमचीच हवी," म्हणाले, म्हणून बाईंनी वाचायला घेतले आणि पार वेडावून गेल्या. काय ती चित्रं, आणि काय तो टांगेवाला! एक्कावन्नाव्या अंकाच्या शेवटी वादळ्या फुटत्या धरणाला पाठ लावून उभा आहे. बावन्नावा अंक निघालाच नाही. "शेवट सुचला नाही," असं चोपदार मरेपर्यंत सांगत राहिले. पेडणेकरांना प्रस्तावनेत नेमकं तेच हवंय: शेवट का सुचला नाही?

सुचला होता. हे जगात एकट्या शालनताईंना ठाऊक आहे. बावीस पानं काढून तयार होती. शालनला बघायला आलेल्या पाहुण्यांना ती पानं खाटेवर दिसली. "मुलीचे वडील माकडं काढतात होय?" म्हणून सगळे फिदीफिदी हसले आणि कळवतो म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी शालननं रागाच्या भरात ते बंडल वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घालून रद्दीवाल्याला देऊन टाकलं. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोन दिवस घर धुंडाळलं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हा नाही, अकरा वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हाही नाही.

पंखा फिरतोय. वारं जरा वाढतं.

"शालन, हात वर कर."

अण्णा खिडकीशी मांडी घालून बसलेत. मांडीवर फळी, फळीवर कागद.

"अण्णा, तुम्ही?"

"मग कोण येणार? उजवा हात. बोटं पसर की जरा."

शालन हात वर करते. लहानपणी ती अशी कितीदा उभी राहिली आहे. वादळ्याचे हात, राक्षसाचे हात, म्हातारीचे हात, सगळे शालनचेच बघून काढलेले. ती खोलीत उभी आहे आणि खोली म्हणजे रंकाळ्याचा कट्टा आहे. तळ्यात काळी शाई आहे. माणसं फिरायला आलीत, भेळ खातायत, पण एकाच्याही अंगावर रंग नाही. सगळी नुसती रेघांची.

"काय काढताय, अण्णा?"

"बावन्नावा."

अण्णांच्या हातात निळी पेन्सिल आहे. आधी निळ्यानं काढायचं, मग वरून शाई फिरवायची, निळं काही छापून येत नाही, ही त्यांची जुनी रीत. पेन्सिल कागदावर कराकरा फिरतेय आणि रेघ मात्र उमटत नाही.

"रोज बसतोय," अण्णा म्हणतात. "रोज काढतोय. कागद कोरा तो कोराच."

"शेवट आठवत नाही?"

"एकदा काढून हातावेगळं केलं की माझ्या डोक्यातनं जातं, बघ. पानांवर होतं तेवढंच होतं."

अण्णा मान वर करतात. डोळ्यांच्या जागी दोन निळी वर्तुळं आहेत, अजून शाई न फिरवलेली.

"तू बघितली होतीस का गं पानं? रद्दीत द्यायच्या आधी?"

कट्टा संपतो तिथं रद्दीवाल्याचं दुकान आहे. तराजूच्या पारड्यात बंडल आहे आणि समोर अण्णा उभे आहेत, काळ्या केसांचे, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी आलो होतो की हितं. बंडल तसंच होतं, सुतळीसकट."

"मग उचललं का नाहीत?"

"उचललं असतं तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तू माझ्या तोंडाकडं परत कधी बघितलं असतंस का, पोरी?"

"अहो, मारायचं होतंत मला! चार शिव्या घालायच्या होत्यात!" शालन रडायलाच लागते. "एवढी वर्षं मी हे पोटात घेऊन जगले, अण्णा. कशाला असं केलंत?"

अण्णांना ते ऐकूच जात नाही. "बघितली होतीस का पानं? एखादं तरी?"

"नाही, अण्णा. एकसुद्धा नाही."

"मग कुणालाच ठाऊक न्हाई," अण्णा म्हणतात.

धरणाची भिंत थरथरतेय. शालनची पाठ तिला टेकली आहे आणि मागून पाण्याचा आवाज येतोय. अण्णा अगदी जवळ आलेत.

"एवढंच आठवतंय, शेवटच्या चित्रात नुसता हात होता. तुझा. पण तो वाचवायला उचलला होता का निरोपाला, तेवढं काय आठवंना." ते तिचं मनगट धरतात. बोटं बर्फासारखी गार आहेत. "हलू नकोस."

"सोडा, अण्णा, हात भरून आला."

"जरा थांब. येतंय, येतंय..."

शालनताई डोळे उघडतात. पंखा बंद आहे, वीज गेली आहे. त्यांचा उजवा हात वर, हवेत तसाच आहे. मनगटावर पाच बोटांचे निळे ठसे आहेत. त्या पदरानं पुसून बघतात. पदर निळा होतो, ठसे तसेच राहतात. घरात निळी पेन्सिल नाही. अण्णा गेल्यावर सगळं सामान देऊन टाकलंय.

डाव्या हातानं त्या पेडणेकरांना फोन लावतात.

"बोला ताई! झाली का प्रस्तावना?"

"पहिली दोन वाक्यं सांगते, उतरवून घ्या. अण्णांना शेवट सुचला होता. तो मी रद्दीत घातला."



"ताई, हे छापायचं?" पेडणेकर हळूच विचारतात.

"छापा," शालनताई म्हणतात. उजवा हात त्यांनी अजून खाली घेतलेला नाही.