रक्त न उकळणारे मोरमामा

मोरमामांना राग म्हणून येत नसे, आणि याचा त्यांना बेसुमार गर्व होता. मोर पिसाऱ्याचा नव्हे. तमिळमध्ये मोर म्हणजे ताक. उन्हातून आलेल्या कोणालाही ते आलं-कढीपत्ता घातलेलं खारट ताक देत आणि सोबतीला स्वतः दोन पेले पीत. म्हणून तंजावूरच्या आमच्या गोतावळ्यात ते मोरमामा. कालव्यांवरच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पाण्यावरून भांडणाऱ्या दोन गावांच्या मधोमध उभं राहून शांतपणे पान लावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

या शांतपणानेच घात केला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला आणि 'रत्तकोदिप्पु' आहे, गोळी रोज, जन्मभर, असं बजावलं. तमिळमध्ये या दुखण्याला हाच शब्द: रक्ताची उकळी. दुसऱ्या कोणी शब्द ऐकून सोडून दिला असता. मामांनी त्याचा अर्थ लावला. परतताना ऑटोत मला म्हणाले, "माझं रक्त उकळतं म्हणे. मी कधी चिडलो गे? चिडली होती ती डॉक्टरीण. गोळी तिला पाहिजे."

मी सात खणांची डबी आणून वारांची नावं चिकटवली, फ्रिजवर तक्ता लावला. महिन्याभरात मंगळवारच्या खणात लवंगा निघाल्या. मामा रोज सकाळी कपाळावर तळहात ठेवून अंदाज घेत, "आज कोदिप्पु नाही" असा निकाल देत आणि गोळ्यांचं पाकीट परत ठेवत. हे दुखणं आतून कळत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्यावर उत्तर तयार: "पूर नसता कालव्याचं दार रोज उघडलं, तर कालव्याचं काय होईल?" मोजपट्टी न बघता पाण्याची उंची सांगणाऱ्या चौकीदाराला तुम्ही कामावर ठेवलं असतं का, असं मी विचारलं. मामा हसले आणि त्यांनी मला ताक दिलं.

तक्त्याच्या मागे मी त्यांची कारणं लिहीत गेले. एकादशी होती. नव्या पाकिटातल्या गोळीचा रंग वेगळा होता. शेजाऱ्याच्या भावाची किडनी म्हणे गोळ्यांनीच गेली. एकदा लागली की सुटत नाही, म्हणून सोडली. पाय सुजतात, हे एकच कारण खरं होतं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली असती. पण तेवढं मामांनी त्यांना सांगितलं नाही.

कहर तपासणीच्या आठवड्यात व्हायचा. आधीचे सात दिवस मामा गोळी घड्याळाच्या काट्यावर घेत. आकडा सुरेख येई, डॉक्टरीणबाई शाबासकी देत. बाहेर पडताच मामा म्हणत, "बरं झालो बघ. आता कशास?" गोळीच्या गुणाचा पुरावा गोळीविरुद्ध वापरणारा इतका हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला चीड येई ती मामींसाठी. मामींना जेमतेम उजेड-अंधार कळायचा. त्यांना हाताला धरून देवळात नेणारे मामा, रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून वाचून दाखवणारेही मामाच. मामींचं सगळं जग या एका माणसाच्या आवाजातून येत होतं, आणि तो माणूस कपाळाला हात लावून अंदाज घेत होता.

पक्षाघात झाला तो अशाच एका 'कोदिप्पु नाही'च्या सकाळी. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर गोळ्या माझ्या हातात आल्या. महिनाभर एक चुकली नाही. एके सकाळी मी रक्तदाब मोजायला गेले, तर मामींनी सवयीने पेपर त्यांच्या मांडीवर ठेवला होता. "नुसता मथळा वाचा की," म्हणाल्या. मामांनी तोंड उघडलं. घशातून बा-बा एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग त्यांनी डाव्या हाताने पेपर चुरगळून भिंतीवर फेकला. तोंड लाल, कपाळाची शीर टरारलेली, डोळ्यांत पाणी. मामांचा राग मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मी दंडाला पट्टा बांधला. आकडा किंचित वर होता, पण तपासणीच्या दिवशी जसा सुरेख यायचा, जवळपास तसाच. मी यंत्र त्यांच्याकडे वळवलं.

"मामा, आत्ता तुम्ही उकळताय. आणि आकडा हा आहे."

त्यांनी यंत्र जवळ ओढून आकडा पाहिला. किती आहे म्हणून मामींनी विचारलं, मी सांगितलं. त्या दिवशीची गोळी अजून द्यायची होती. मामांनी डावा तळहात पुढे केला.