डाव्या हाताची सही

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या गल्लीत त्याला सगळे तराजू म्हणत. कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं नाव, पण तो ते पदवीसारखं मिरवायचा. गाडीच्या टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एकाला फिरवतो आणि त्याच्या जोरावर दुसरा इंजिनात हवा कोंबतो. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे. एवढ्या वेगात पंखा एका बाजूला कणभर जरी जड असला तरी टर्बो स्वतःचेच तुकडे करून घेतो. तो जडपणा शोधायचा आणि तेवढाच धातू घासून काढायचा, हे तराजूचं काम. सव्वीस वर्षं तो तेच करत आला होता, आणि आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही असं त्याला वाटत होतं. म्हणजे सहा वर्षांपूर्वीपर्यंत वाटत होतं. त्यानंतर तो ते नुसतं म्हणत होता.

सहा वर्षांपूर्वी सांडलेल्या तेलावरून त्याचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. तीन महिने प्लास्टर. कामं तर अंगावर घेतलेली. तेव्हा काउंटरवर बिलं लिहिणारी त्याची बायको मशीनवर बसली. "तुम्ही सांगा, मी करते," म्हणाली. चार दिवस त्याने सांगितलं. पाचव्या दिवसापासून सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

मशीन हवेच्या झोताने पंखा फिरवतं तेव्हा बारीक शिट्टी वाजते. पंखा फिरवायचा, पडद्यावर जड बाजू बघायची, मशीन थांबवून पंख्याच्या नाकावर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, तिथे घासायचं, पुन्हा फिरवायचा. तराजूला एका पंख्यामागे चार-पाच शिट्ट्या लागत, आणि काम संपलं की पंख्याचं नाक उंदराने कुरतडल्यासारखं दिसे. बायकोला दोन शिट्ट्या पुरत. एक बघायची, एक खात्रीची. मधे एकदाच घासायची. नाकावर नखाएवढी एक कोर उमटे, बस्स.

त्या तीन महिन्यांत एकही टर्बो परत आला नाही. गल्लीत तराजूच्या नावाचा बोलबाला झाला. त्याचा मेव्हणा, म्हणजे तिचाच सख्खा भाऊ, शेजारच्या दुकानातून ओरडून सांगायचा, "भावोजी, प्लास्टरमध्ये असून हे काम? प्लास्टर सुटल्यावर काय कराल!" तराजू हसायचा आणि आतल्या आत जळून खाक व्हायचा. प्रत्येक कामाचं एक कार्ड असे. खाली 'तोल साधणार' असं लिहिलेलं आणि पुढे सहीची जागा. त्या तीन महिन्यांत तिथे त्याने डाव्या हाताने स्वतःची सही केली. सही वाकडीतिकडी यायची, पण करायचा. बायको कार्ड पुढे सरकवायची आणि काही बोलायची नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यांना ताण पडतो. आता राहू दे."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ती काउंटरवर जाऊन बसली. काउंटर आणि मशीन यांच्यामध्ये एक काच होती. काचेतून शिट्टी स्वच्छ ऐकू जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेली सहा वर्षं तिसरी शिट्टी वाजली की तराजूची मान शरमेने आखडायची, आणि चौथीला तो उगाच खाकरायचा. ती मान खाली घालून लिहीत राहायची. एकदा तरी तिने काही बोलावं, म्हणजे आपल्याला भांडता येईल, असं त्याला वाटे. पण बाई कधी बोलली नाही. त्यामुळे तो आणखीच जळायचा.

अशात एके दिवशी दारात एक राखाडी सेडान येऊन उभी राहिली. नऊ वर्षं जुनी, चार दारांची, दिसायला एखाद्या हेडमास्तरासारखी गंभीर, पण बॉनेटखाली दोन टर्बो. आतून चाळिशीच्या बाई उतरल्या.

"तराजू तुम्हीच ना? मी दातांची डॉक्टर. गाडीचं वेड जरा उशिराच लागलं, पण लागलंय. टर्बो मोठे करायचेत. आवरणं तीच ठेवून आतून कोरायची आणि मोठे पंखे बसवायचे. इंजिनाचं बाकीचं मी दुसरीकडे बघते."

"होऊन जाईल," तराजू म्हणाला.

बाईंनी एक फाइल उघडली. गाडीच्या आधीच्या मालकाने सहा वर्षांचे कागद जपून ठेवले होते. त्यातून त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तराजूच्याच दुकानाचं. खाली वाकडीतिकडी सही.

"सही बघून मी घाबरलेच होते," बाई हसल्या. "पण ह्या कामानंतर गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. मला हाच हात हवाय. दोन्ही टर्बोंना."

"माझीच सही आहे," तो म्हणाला. तेवढं खरं होतं.

बाई भारीच चौकस निघाल्या. टर्बो उतरवले त्या दिवशी मुद्दाम वेळ काढून आल्या आणि उघडताना शेजारी उभ्या राहिल्या. पर्समधून त्यांनी पुढे दोन छोट्या दुर्बिणी बसवलेला, दात कोरताना घालायचा चष्मा काढला आणि जुना पंखा डोळ्यांशी धरला. नाकावर एकच कोर होती. सहा वर्षं उलटली तरी कडा तशीच.

"एकदाच टेकवलंय!" बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा हात लावायची गरजच पडली नाही. वीस वर्षं मी हेच करते, माणसांच्या तोंडात. मला हे दहातून एकदा जमतं. तुम्ही कुणाला शिकवता का हो?"

काचेपलीकडे पेन थांबलं.

"वेळ नसतो," तराजू म्हणाला.

पेन पुन्हा चालू झालं. तराजूच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक त्याच्या तोंडावर चाललं होतं, सही त्याची होती, दुकान त्याचं होतं, आणि तरी त्यातलं काडीचंही त्याचं नव्हतं. काचेपलीकडे बसलेल्या बायकोचं होतं, आणि ती निवांत बिलावर तारीख घालत होती. हेवा दूरच्या माणसाचा असेल तर निदान घरी आल्यावर सुटका होते. त्याला घरीही तीच दिसायची.

पण त्याच रात्री त्याच्या मनाने घेतलं. ह्या दोन नव्या पंख्यांवर आपल्या हातून एकेकच कोर उमटली, तर सहा वर्षांचं खोटं खरं होईल. मग ती सही आपलीच. मग कुणाला काही सांगायची गरज नाही, आणि काचेपलीकडे मान वर करून बघता येईल.

आवरणं कोरून आली, मोठे पंखे आले. बाई दुपारी चारला येणार होत्या. सकाळी त्याने बेंच पुसला, दिवा जवळ ओढला आणि पहिला पंखा दांड्यावर बसवून नट आवळला. त्याला शिकवणाऱ्याने असंच शिकवलं होतं. बसव, आवळ, घास.

पहिली शिट्टी. जडपणा बराच होता. त्याने श्वास रोखून घासलं. दुसरी शिट्टी. राहिलाच होता, आणि आता जरा बाजूला सरकला होता. तो तसाच थांबला असता तर बरं झालं असतं. पण काचेपलीकडे शांतता होती, आणि ती शांतता त्याला टोचत होती. त्याने घाईने पुन्हा घासलं. तिसरी. चौथी. खाकरायलाही तो विसरला. पाचव्या शिट्टीनंतर पडद्यावरचा आकडा एकदाचा खाली आला, पण पंख्याच्या नाकावर एक बारीक रेघ असते. तिच्यापलीकडे घासलं तर पंखा बाद. रेघ दिसत नव्हती. त्याने ती घासून टाकली होती.

त्याने मशीन बंद केलं. पाठीमागे दार वाजलं. बायको आत आली होती. तिच्या हातात चष्म्याची जुनी डबी होती.

"दुसऱ्या पंख्याला हात लावू नका," ती म्हणाली.

"टोमणा मारायला आलीस?"

"टोमणा मारायचा असता तर सहा वर्षं पडली होती. उठा."

तो उठला. तिने डबीतून काचेच्या दोन अरुंद पट्ट्या काढून बेंचवर समांतर ठेवल्या. मग विणायची एक सुई काढली, दुसऱ्या पंख्याच्या भोकातून आरपार घातली आणि सुई पट्ट्यांवर आडवी ठेवली. पंखा आपसूक हळूच फिरला आणि थांबला. खाली आलेल्या बाजूला तिने पेनने ठिपका दिला. तसाच नुसता दांडा पट्ट्यांवर ठेवला, तोही फिरून थांबला, त्यालाही ठिपका दिला. मग दोन्ही ठिपके समोरासमोरच्या बाजूंना येतील असा पंखा दांड्यावर बसवला आणि नट आवळला. हे सगळं एवढं मुकाट चाललं होतं, की काचेपलीकडे बसलेल्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नसतं.

"दोन्ही जड बाजू एकमेकींना खातात," ती म्हणाली. "मग उरतो तेवढाच घासायचा."

पहिली शिट्टी. एकदा घासलं. दुसरी शिट्टी. आकडा तळाला. नाकावर नखाएवढी कोर.

"एवढंच?" तराजूच्या तोंडून निघालं. "एवढंच होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तीन महिने माझ्याकडे पाठ करून दारातल्या खुर्चीत बसला होतात. एकदा वळून बघितलं असतं तरी दिसलं असतं." ती सुई पुसत होती. "आणि मग म्हणालात, डोळ्यांना ताण पडतो. मला वाटलं, खरंच तसं काही दिसलं असेल तुम्हाला. डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही."

ती डबी मिटून काउंटरवर गेली.

चारला दातांच्या डॉक्टर आल्या. बेंचवर दोन पंखे ठेवले होते. तराजूला एक लपवता आला असता. त्याने लपवला नाही, पण तेवढ्याने काही मोठा पराक्रम झाला असं नाही. बाईंनी दुर्बिणींचा चष्मा चढवला, एक पंखा पाहिला आणि मान हलवली. दुसरा पाहिला आणि चष्मा काढला.

"हे दोन एका हाताचे नाहीत."

"नाहीत."

"मी म्हटलं होतं, तोच हात हवा म्हणून." त्यांनी कुरतडलेला पंखा उचलला. "हा कुणाचा?"

काचेपलीकडे लिहिणं थांबलं होतं. तराजूने एकदा तिकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिने मान खाली घातली नाही.

"हा माझा," तो म्हणाला. "तो हिचा. कार्डावरचं कामही हिचंच. सही मी केली होती, डाव्या हाताने."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग काचेपाशी जाऊन म्हणाल्या, "मग दुसराही तुम्हीच करा. नवा पंखा यायला किती दिवस लागतील?"

"चार," बायको म्हणाली.

चार दिवसांनी काउंटरवर तराजू बसला होता. बिलाच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पहिली शिट्टी वाजली. घासण्याचा आवाज आला, थांबला. दुसरी शिट्टी वाजली. तराजूने पेन खाली ठेवलं. तिसरी वाजू दे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. एकच, जास्त नको.

ती वाजली नाही. मशीन बंद झालं.

बायको हात पुसत बाहेर आली. त्याने कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि 'तोल साधणार' यापुढच्या जागेवर बोट ठेवलं.

"तू कर."

तिने उभ्याउभ्याच सही केली. सव्वीस वर्षांत त्या जागेवर तिची ही पहिलीच सही, तरी हात अडखळला नाही. अक्षर सरळ, रेघेवर बसलेलं. तराजू बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिला. निदान ती तरी थोडी वाकडी यायला हवी होती.