दीनाबाईंची किळस

दुपारचं जेवण उरकून सुवार्ता वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आडवी होते. डोळे मिटतात, नाक मात्र मिटत नाही. अंथरुणाला खिळून शमुवेलकाकांच्या पाठीला जखम झाली आहे. तिचा वास केसांत, ओढणीत, आत्ता खाल्लेल्या भातातसुद्धा बसलाय.

खरं तर या महिन्यात ती धर्मशिक्षणाच्या शाळेत असायची. शिकून गावोगाव देवाचं वचन सांगायचं, असा तिचा बेत. पण इथली नर्स सोडून गेली, आणि चर्चचे पाळकसाहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "प्रभूचा बेत वेगळा असतो, ताई. वर्षभर इथंच सेवा करा." त्या वाक्याचीही तिला शिसारी येते.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी म्हणतं, "सरक जरा."

दीनाबाई. उभा जन्म इथल्या आजाऱ्यांचं केलेल्या, गेल्या वर्षी वारलेल्या.

"बाई, तुम्ही तर..."

"गेले. म्हणून काय बसू नये?"

बाक आता चर्चमध्ये आहे. वेदीपाशी भरलेली बेडपॅनं मांडलीत, माश्या घोंगावताहेत, आणि मंडळी खुशाल गाते आहे. सुवार्ता तोंड फिरवते.

"मला जमत नाही, बाई. हात लावला की पोटात ढवळतं. मला वचन सांगायचं होतं."

"मला शाळेत शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी आश्रमामागच्या पेरूखाली जाऊन ओकले. शेवटच्या दिवशीही ओकले."

"म्हणजे किळस गेलीच नाही? एवढ्या प्रार्थना करून? लोक म्हणायचे, दीनाबाईंना घाण दिसतच नाही."

दीनाबाई तोंड वाकडं करतात. "म्हणणाऱ्यांचं काय जातं! देवानं किळस काही काढून घेतली नाही. हात धुवायला पाणी तेवढं दिलं."

चर्चची भिंत नाहीच. समोर हौद आहे. दीनाबाई तांब्यानं तिच्या हातांवर पाणी ओततात.

"आणि माझी शाळा?"

"होईल, नाही होणार, मला काय ठाऊक? माझी नाही झाली. पण शमुवेल आत्ता ओल्यात पडलाय."

"पोरी!" आतून काकांची हाक येते. सुवार्ता धडपडत उठते. बाकावर दुसरं कुणी नाही. मळमळ तशीच आहे. ती नाकाला ओढणी बांधते, आत जाते, श्वास रोखून काकांना कुशीवर वळवते.

"किती गार हात गं," काका डोळे मिटून म्हणतात. "बरं वाटलं."

सुवार्ता खाली बघते. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले आहेत, आणि बोटांवरून पाणी ठिबकतंय.